मीशाचा अश्रू : एका अस्वलाची मालकी कोणाची?

३ ऑगस्ट १९८०. मॉस्कोच्या लेनिन स्टेडियमवर ऑलिम्पिकचा समारोप सुरू होता. एका बाजूच्या प्रेक्षागारात हजारो माणसे हातात रंगीत फलक धरून बसली होती आणि त्या फलकांतून अस्वलाच्या एका पिल्लाचे अवाढव्य चित्र साकारले होते. संगीत संथ झाले. काही फलक उलटले, आणि त्या पिल्लाच्या डोळ्यातून एक अश्रू गालावरून खाली ओघळला. थोड्या वेळाने तेच पिल्लू, आता रबराचे आणि सुमारे ८ मीटर उंचीचे, फुग्यांच्या घोसाला बांधलेल्या अवस्थेत मैदानावर आले आणि हळूहळू रात्रीच्या आकाशात निघून गेले. स्टेडियममधील माणसे अक्षरशः रडत होती.

त्याच रात्री सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात होते.

त्या अस्वलाचे नाव मीशा. ते कागदावर उतरवले एका बालपुस्तकांच्या चित्रकाराने, जगभर मिरवले एका महासत्तेने, विकले बाजाराने आणि त्याच्यासाठी डोळे पुसले सामान्य माणसांनी. मग ते नेमके कोणाचे? ऑलिम्पिकच्या शुभंकरांचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरत राहतो. (दीर्घ धागा)

आधी शब्दाविषयी थोडेसे. मराठी वृत्तपत्रांनी रूढ केलेला ‘शुभंकर’ हा शब्द मूळ अर्थाच्या बराच जवळ आहे. ‘मॅस्कॉट’ हा शब्द दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हाँसाल बोलीतून आला. तिथे त्याचा संबंध जादूटोण्याशी आणि नशीब उजळवणाऱ्या ताईत-तोडग्याशी होता. १८८० साली एदमाँ ओद्राँ या संगीतकाराची ‘ला मास्कॉत’ ही संगीतिका पॅरिसमध्ये गाजली आणि शब्द युरोपभर पसरला. मीशाचे ऑलिम्पिक बरोबर शंभर वर्षांनी झाले, हा निव्वळ योगायोग.

जागतिक क्रीडास्पर्धेसाठी ठरवून, व्यापारी हेतूने रेखाटलेल्या शुभंकराचे पहिले मोठे यश म्हणजे १९६६ च्या फुटबॉल विश्वचषकाचा ‘वर्ल्ड कप विली’ हा सिंह. त्याचे चित्रकार रेग हॉय हे एनिड ब्लायटनच्या पुस्तकांसाठीही चित्रे काढत. गंमत अशी की यजमान होता इंग्लंड, पण विलीच्या अंगात होता संपूर्ण ब्रिटनचा ‘युनियन जॅक’. आज स्कॉटलंडमध्ये यावरून समाजमाध्यमे पेटली असती. किल्ल्यांच्या साखळ्यांपासून मगपर्यंत नाना वस्तूंवर विली झळकला आणि आयोजकांना एक गोष्ट कळून चुकली: माणसे तिकीट एकदा विकत घेतात, खेळणे मात्र घरी नेतात.

ऑलिम्पिक त्या मानाने सावध होते. १९६८ च्या ग्रेनोबल हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ‘शुस’ नावाचा, लाल गोल डोक्याचा, स्कीवर स्वार झालेला एक छोटा माणूस दिसला. पण तो अनधिकृत. आलीन लाफार्ग यांनी जानेवारी १९६७ मध्ये तो अक्षरशः एका रात्रीत रेखाटला होता. उन्हाळी ऑलिम्पिकचा पहिला अधिकृत शुभंकर यायला १९७२ चे म्युनिक उजाडावे लागले. इथे मात्र थोडे थांबायला हवे, कारण एखादे राष्ट्र आपला चेहरा ठरवून, विचार करून बदलू पाहते तेव्हा काय घडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

जर्मनीत याआधीचे उन्हाळी ऑलिम्पिक झाले होते १९३६ साली, बर्लिनमध्ये, हिटलरच्या उपस्थितीत. लाल-काळ्या स्वस्तिक-ध्वजांच्या रांगांमधले ते ऑलिम्पिक जगाच्या आठवणीतून पुसले गेले नव्हते. पश्चिम जर्मनीला आता ‘आनंदी क्रीडामहोत्सव’ हवा होता. संपूर्ण दृश्यरचनेची जबाबदारी ओट्ल आयशर या संकल्पनकाराकडे आली, आणि ही निवड अर्थपूर्ण होती. उल्म शहरात वाढलेल्या आयशर यांनी ‘हिटलर युथ’मध्ये सामील व्हायला नकार दिला होता, त्यापायी १९३७ साली त्यांना अटकही झाली होती. नाझींविरुद्ध पत्रके वाटल्याबद्दल फेब्रुवारी १९४३ मध्ये शिरच्छेद झालेली हान्स आणि सोफी शोल ही भावंडे त्यांच्या निकटची. पुढे त्यांनी त्या भावंडांच्या थोरल्या बहिणीशी, इंगे शोल यांच्याशी विवाह केला.

अशा माणसाच्या हाती रंगांची पेटी आली, तेव्हा त्याने पहिली गोष्ट केली ती दोन रंग बाजूला काढण्याची. लाल आणि काळा. म्युनिकच्या रंगपटात फिकट निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी असे रंग आले. सत्तेची आठवण करून देणारे रंग वगळले गेले. शुभंकर ‘वाल्डी’ याच रंगांतून घडला. तो होता डॅक्सहुंड जातीचा, आखूड पायांचा, लांबुडका कुत्रा: डोके आणि शेपटी फिकट निळी, धडावर रंगीत पट्टे. सिंह नाही, गरुड नाही, जर्मन शेफर्डही नाही. बव्हेरियाच्या घराघरांत सोफ्याखाली झोपणारे हे जनावर निवडण्यातच एक राजकीय विधान होते. आयशर यांच्या चमूतील एलेना विन्शरमान यांचा त्याच्या घडणीत मोठा वाटा होता. गंमत म्हणून मॅरेथॉनचा मार्गही असा आखला गेला की नकाशावर त्याची बाह्यरेषा वाल्डीच्या आकाराची दिसावी.

(जाता जाता: आयशर हे उल्मच्या ज्या संकल्पन-विद्यालयाचे एक संस्थापक, तिथेच शिकलेले सुधाकर नाडकर्णी पुढे पवईच्या आयआयटीतील औद्योगिक संकल्पन केंद्राच्या जडणघडणीत अग्रणी ठरले. उल्मची शिस्त मुंबईत पोहोचली ती अशी.)

आणि मग ५ सप्टेंबर १९७२ ची पहाट आली. पॅलेस्टिनी ‘ब्लॅक सप्टेंबर’ गटाचे हल्लेखोर ऑलिम्पिक ग्रामात शिरले. इस्रायली पथकातील ११ जण आणि एक पश्चिम जर्मन पोलीस यांचा बळी गेला. शस्त्रधारी सुरक्षाव्यवस्था मुद्दामच सौम्य ठेवलेली होती. १९३६ ची आठवण नको, म्हणून. सौम्य रंग आणि सौम्य पहारा हे एकाच इच्छेतून आले होते. खेळ एक दिवस थांबून पुन्हा सुरू झाले. १० सप्टेंबरला मॅरेथॉनचे धावपटू त्या कुत्र्याच्या आकाराच्या रस्त्यावरून धावले. वाल्डीच्या संकल्पनात उणीव काढायला जागा नाही. पण चित्राने इतिहासाला किती काळ थोपवून धरता येते, याची मर्यादा तिथे उघडी पडली.

मॉस्कोची समस्या वेगळी होती. जर्मनांना जुना चेहरा लपवायचा होता. सोव्हिएत नेतृत्वाला, जगाने आपल्यावर चिकटवलेला चेहरा बदलायचा होता. आणि तो चेहरा अस्वलाचाच होता. एकोणिसाव्या शतकापासून ब्रिटिश व्यंगचित्रांत रशिया म्हणजे नखे परजणारे, शेजाऱ्यावर झडप घालायला टपलेले अस्वल. १८७८ साली ‘पंच’ साप्ताहिकात आलेले एक चित्र प्रसिद्ध आहे: एका बाजूला रशियन अस्वल, दुसऱ्या बाजूला ब्रिटिश सिंह आणि मध्ये गांगरलेला अफगाणिस्तानचा अमीर शेर अली. अस्वल, अफगाणिस्तान आणि पाश्चात्त्य नजर हा त्रिकोण शंभर वर्षांनी पुन्हा जुळून येणार होता.

तरीही अस्वलच निवडले गेले, कारण रशियन लोककथांतले अस्वल वेगळे आहे. ते मधाचे लोभी, थोडे बावळट, पण दिलदार. त्याचे लाडाचे, पूर्ण नाव मिखाइल पोतापिच तोप्तिगिन. दूरचित्रवाणीवरील ‘प्राण्यांच्या जगात’ या लोकप्रिय कार्यक्रमाने आणि ‘सोव्हिएत्स्की स्पोर्त’ या वृत्तपत्राने लोकांचा कौल मागवला. हजारो पत्रे आली आणि अस्वल सहज पुढे निघून गेले. प्राणी ठरला. आता कलावंतांची पाळी होती. अनेकांकडून चित्रे मागवली गेली, आणि त्यांत एक होते व्हिक्टर चिझिकोव्ह.

१९३५ साली मॉस्कोत जन्मलेले चिझिकोव्ह ‘मुर्झिल्का’ या बालमासिकात आणि ‘क्रोकोदिल’ या विनोदी नियतकालिकात चित्रे काढत. त्यांच्याविषयीची एक गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही: ते रंगांधळे होते. रंग निवडताना पत्नीची मदत घेऊन त्यांनी आयुष्यभर मुलांसाठी रंगीत पुस्तके सजवली.

अस्वलाची सुमारे शंभर रेखाटने त्यांनी केली. अडचण अस्वल काढण्याची नव्हती. ती होती ते ऑलिम्पिकचे कसे वाटावे याची. पाच वर्तुळे ठेवायची कुठे? गळ्यात पदकासारखी अडकवली की ते सर्कशीतले जनावर दिसते, हातात दिली की जादूगार दिसते. अखेर उत्तर सापडले ते पट्ट्याच्या रूपात: कमरेला पाच ऑलिम्पिक रंगांचा पट्टा आणि बकलाच्या जागी सोनेरी वर्तुळे. ही कल्पना आपल्याला स्वप्नात सुचली, असे चिझिकोव्ह सांगत. पट्ट्यामुळे दोन कामे एकदम झाली. चिन्ह शरीराचा भाग बनले आणि अस्वलाला कपडे न घालताही ते सभ्य, माणसाळलेले दिसू लागले.

दुसरा निर्णय अधिक सूक्ष्म होता. वाल्डी आडव्या बाजूने दिसतो. १९७६ च्या माँट्रियलचा ‘अमिक’ हा बीव्हर म्हणजे काळी सपाट आकृती. मीशा मात्र किंचित वळून उभा आहे आणि थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाहतो. आपल्या अस्वलाचे खरे वैशिष्ट्य हेच, असा चिझिकोव्ह यांचा आग्रह असे. ते कोणताही खेळ खेळत नाही, कसलीही शर्यत जिंकत नाही. नुसते भेटायला आल्यासारखे उभे राहते. समारोपाच्या रात्री त्या डोळ्यात अश्रू ठेवता आला तो त्या डोळ्यांत आधीच नाते जुळलेले होते म्हणूनच. पाठमोऱ्या किंवा आडव्या प्राण्याला कोणी निरोप देत नाही.

१९७७ च्या अखेरीस मीशावर शिक्कामोर्तब झाले. १९७८ मध्ये त्याची प्रतिकृती ‘साल्युत-६’ या अंतराळस्थानकावर जाऊन आली. पोर्सेलीन, लाकूड, पत्रा, कापड अशा हर माध्यमात तो घडवला गेला. शिडांच्या नौकांच्या शर्यती होणाऱ्या टॅलिन शहराने स्वतःसाठी वेगळा शुभंकर घेतला, ‘विग्री’ नावाचा सील. एस्टोनियाच्या या बारीकशा वेगळेपणाकडे पुढच्या दशकाच्या संदर्भात पाहिले, तर ओठांवर हसू येते.

चिझिकोव्ह यांना मानधन मिळाले, एकरकमी. लेखकत्वाचा हक्क मागायला गेल्यावर काय उत्तर मिळाले, हे ते नंतरच्या मुलाखतींत सांगत असत: या चित्राचा कर्ता सोव्हिएत जनता आहे. साम्यवादी व्यवस्थेच्या तर्कात हे वाक्य बसते. पण त्याच काळात त्याच चित्राचे परवाने पाश्चात्त्य भांडवलदार कंपन्यांना विकले जात होते, हे त्या तर्कात कुठे बसवायचे, ते कोणी सांगितले नाही.

डिसेंबर १९७९ च्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी बहिष्काराची हाक दिली आणि मॉस्कोत अखेर फक्त ८० देश उतरले. अमेरिकेतील दुकानांसाठी तयार झालेले मीशा पडून राहिले. भारत गेला. वासुदेवन भास्करन यांच्या संघाने स्पेनला ४-३ असे हरवून हॉकीचे सुवर्णपदक जिंकले, आणि १६ वर्षांची पी. टी. उषा पहिल्यांदा ऑलिम्पिकच्या धावपट्टीवर उभी राहिली. बहिष्काराने पोखरलेल्या या खेळांची आठवण म्हणून जगाच्या मनात उरले ते मात्र एक अस्वल. हे प्रचाराचे यश म्हणावे की चित्रकाराचे? राज्याला हवा तो परिणाम मीशाने दिला, यात शंका नाही. पण प्रेक्षागारातील माणसे रडली ती पॉलिटब्युरोसाठी नव्हे.

लॉस एंजेलिसने १९८४ साठी उत्तर शोधले. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर अस्वल आहे. तेच शुभंकर व्हावे, असा विचार आधी झाला. पण अस्वल मॉस्कोने वापरून टाकले होते. मग डिझ्नीच्या रॉबर्ट मूर यांनी ‘सॅम’ नावाचा गरुड रेखाटला, डोक्यावर ‘अंकल सॅम’ची टोपी घातलेला. गरुडाची चोच वाकडी, नजर हिंस्र; त्याला गोंडस करणे हे अस्वलापेक्षा कठीण काम होते आणि डिझ्नीच्या कारखान्याने ते जमवले. यावेळी सोव्हिएत संघाने बहिष्कार टाकला. आयोजकांनी मात्र २० कोटी डॉलरहून अधिक नफा कमावला. माँट्रियलला आपल्या ऑलिम्पिकचे कर्ज फेडायला २००६ साल उजाडले होते, हे लक्षात घेतले की त्या आकड्याचे महत्त्व कळते. तेव्हापासून शुभंकर हा राष्ट्राच्या चेहऱ्याइतकाच ताळेबंदाचाही विषय झाला.

या दोन बहिष्कारांच्या मधोमध, नोव्हेंबर १९८२ मध्ये, दिल्लीत नववे आशियाई खेळ झाले. या खेळांचा पहिला शुभंकर म्हणजे ‘अप्पू’ हा नाचरा छोटा हत्ती. ज्यांच्या घरात त्या वर्षी पहिल्यांदा रंगीत टीव्ही आला, त्यांच्या स्मरणात अप्पू आणि रंग एकमेकांना चिकटलेले आहेत. आणीबाणी उठून जेमतेम पाच वर्षे झाली होती. इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर होत्या आणि उद्घाटनाचा दिवस होता १९ नोव्हेंबर, त्यांचा वाढदिवस. देशाला आधुनिक, प्रसन्न, जगाला आमंत्रण देणारा चेहरा हवा होता. हत्तीचे पिल्लू त्याला अगदी योग्य होते: आकाराने मोठे, स्वभावाने निरुपद्रवी. अलिप्ततावादी राष्ट्राला आणखी काय हवे?

पण त्याच अप्पूच्या स्टेडियम-पुलांवर राबणाऱ्या मजुरांना किमान वेतनही पूर्ण मिळत नव्हते. ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ या संघटनेने ही बाब सर्वोच्च न्यायालयात नेली. खेळ सुरू होण्याच्या दोन महिने आधी, सप्टेंबर १९८२ मध्ये, न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने निकाल दिला: किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ नुसार सक्तीचे श्रम ठरते. कायद्याचे विद्यार्थी हा ‘एशियाड मजूर खटला’ आजही अभ्यासतात. अप्पूच्या नावाने १९८४ साली दिल्लीत ‘अप्पू घर’ हे मनोरंजन उद्यान उभे राहिले आणि २००८ मध्ये बंद पडले. तो निकाल मात्र टिकला. ज्याच्यावरून अप्पू घडला असे मानले जाते, तो केरळचा कुट्टिनारायणन हत्ती लहानपणीच पाय मोडून कायमचा जायबंदी झाला आणि २००५ साली मरण पावला. शुभंकरावर वय चढत नाही, जनावरावर चढते.

आता पुन्हा मॉस्कोकडे. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला. ज्या ‘जनते’च्या नावावर मीशा नोंदला गेला होता, तिचे राज्यच उरले नाही. अस्वल मात्र टी-शर्टांवर, जाहिरातींत, पडद्यावर फिरत राहिले. चिझिकोव्ह यांनी एका दूरचित्रवाहिनीने केलेल्या वापराविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. निकाल त्यांच्या विरोधात गेला. चित्र त्यांच्या हातचे होते, हे कोणी नाकारत नव्हते. हातचे असणे आणि हक्काचे असणे यांतले अंतर मात्र कायद्याने कायम ठेवले.

रशियाला पुन्हा ऑलिम्पिक मिळाले ते २०१४ चे हिवाळी, सोची शहरात. शुभंकरासाठी देशभरातून चित्रे मागवली गेली. रशियन नववर्षाचे लाडके आजोबा ‘देद मरोज’ अंतिम यादीपर्यंत पोहोचले, आणि मग त्यांना मागे घेतले गेले. कारण निवड झाली असती, तर त्यांचे हक्क आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीकडे गेले असते. म्हणजे चिझिकोव्ह यांना १९७७ मध्ये जो धडा मिळाला, तो तीन दशकांनी राज्याने स्वतःच्या बाबतीत गिरवला. फेब्रुवारी २०११ मध्ये दूरचित्रवाणीवरून झालेल्या मतदानातून बिबट्या, ससा आणि ध्रुवीय अस्वल असे तीन प्राणी निवडले गेले. बिबट्या आपल्याला आवडतो, हे व्लादिमीर पुतिन यांनी त्याआधी बोलून दाखवले होते. बिबट्या पहिला आला.

ध्रुवीय अस्वल पाहून सत्तरी ओलांडलेले चिझिकोव्ह संतापले. डोळे, नाक, तोंड, हसू, सारे आपल्याच मीशाचे आहे आणि परवानगी कोणी मागितली नाही, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. त्यांच्या तक्रारीने काहीही बदलले नाही.

२३ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री सोचीच्या समारोपात ते प्रचंड यांत्रिक अस्वल ज्योतीजवळ आले. त्याने फुंकर घालून ज्योत विझवली, आणि त्याच्या गालावरून एक अश्रू ओघळला. १९८० पाहिलेल्या प्रत्येक रशियन माणसाला तो अश्रू ओळखू आला. तो ओळखू यावा म्हणूनच ठेवलेला होता. चार दिवसांनी क्रिमियाच्या विधिमंडळाच्या इमारतीवर शस्त्रधाऱ्यांनी ताबा मिळवला आणि मार्च संपण्याआधी क्रिमिया रशियाला जोडला गेला.

व्हिक्टर चिझिकोव्ह २० जुलै २०२० रोजी मॉस्कोत वारले. मीशाच्या ऑलिम्पिकला आदल्याच दिवशी ४० वर्षे पूर्ण झाली होती.